रस्त्यापासून दहा फूट

९ ऑक्टोबर, सकाळी ११

आजपासून रोजनिशी. वही मिस व्हर्नाच्या ऑफिसातली. अर्धी भिजून गेली आहे, उरलेली अर्धी माझ्यासारखी धडधाकट. मोठी माणसं रोजनिशी लिहितात. मोठी असतात म्हणून लिहितात की लिहितात म्हणून मोठी होतात, हे बहुतेक बारावीला शिकवत असावेत. मी अकरावीत शाळा सोडली.

परिस्थिती अशी. वादळ येऊन गेलं त्याला सहा दिवस झाले. त्याला नाव दिलं होतं ते माझ्या एका मावशीचं, आणि वागणंही तिचंच. येते येते म्हणून चार दिवस सगळ्यांना घोर, प्रत्यक्ष मुक्काम एक दुपार, आणि गेल्यावर घरात एक वस्तू जागेवर नाही. मी ते साठ मैल आत, एका शाळेच्या जिममध्ये खाटेवर पडून ऐकलं. ओसरल्यावर समुद्राचं तोंड बघावं म्हणून निघालो, तर व्हॅन पेलिकन बेंड आरव्ही पार्कच्या फाटकातच बंद पडली. मी याला योग म्हणतो. इथला चेमा याला फ्युएल पंप म्हणतो.

पार्कात अठ्ठेचाळीस जागा. दर एक नोव्हेंबरला मिनेसोटा, आयोवा, डकोटाची म्हातारी मंडळी आपापली चाकांवरची घरं ओढत इथे टेक्सासच्या किनाऱ्यावर येतात आणि तिकडचं बर्फ वितळेपर्यंत हलत नाहीत. वीस-वीस वर्षं तीच जागा, तेच शेजारी, तीच भांडणं. उन्हाळ्यात जाताना खुर्च्या, कुंड्या, नावाच्या पाट्या मागच्या शेडमध्ये ठेवून जातात. शेड आता नाही. सामान आहे. सगळीकडे आहे.

मिस व्हर्ना पार्कची मालकीण. वय एकाहत्तर, बोलते कमी, बघते जास्त. तिने उभ्या उभ्या सांगितलं की बाळा, एक तारखेच्या आत हे आवरून दाखव, मग हिवाळाभर राहा. नाही जमलं तर व्हॅन ढकलत पुढे हो. मी विचारलं, सतरा नंबरची जागा? (दोन पाम, वर झावळ्यांचं छप्पर, समोर समुद्र. अख्ख्या पार्कात तेवढीच सावली उरली आहे.) ती म्हणाली, बघू. म्हणजे हो. मी विचारलं, आणि सहायक व्यवस्थापक हा हुद्दा? ती म्हणाली, बघू. म्हणजे दोनदा हो.

दोन वर्षांत अकरा गावं झाली. डकोटात बीट उपटले, कोलोरॅडोत भोपळे विकले, आर्कान्सात नाताळची झाडं. सगळीकडून मीच सोडून आलो, म्हणजे ते सांगण्याआधी. आता बास. इथे राहायचंच.

हिशेब : अठ्ठेचाळीस जागा, बावीस दिवस. रोज तीन केल्या तर सोळा दिवसांत खलास. सहा दिवस सुट्टी उरते. ती आधी घ्यावी की नंतर, याचा विचार चालू आहे.

१० ऑक्टोबर

सहाला उठायचा संकल्प. नऊ चाळीसला उठलो. दोष माझा नाही. वादळाने पक्षी पळाले, उठवणार कोण?

चेमाबद्दल. चेमा इथे तीस वर्षं आहे. नळ, दिवे, गटारं, सगळं त्याच्या हातचं. मला मिहो म्हणतो, म्हणजे लेकरा. मी त्याला डॉन चेमा म्हणतो, म्हणजे चेमाराव, सगळेच म्हणतात. माझ्या हाताखाली असा अनुभवी माणूस मिळाला हे भाग्य. (हाताखाली हा शब्द अजून त्याच्यासमोर काढलेला नाही.) उत्साह तर विचारू नका. मी उठतो तेव्हा तो आणि त्याची बायको लुपे आधीच हजर. कपडे धुण्याच्या खोलीतून दात घासतच बाहेर येतात. गावात त्यांच्या घराचं छप्पर उडालं म्हणे. तरी कामावर एक मिनिट उशीर नाही!

आज गोल्फ कार्ट सापडली. स्विमिंग पूलमध्ये. अगदी दोन रेघांमध्ये लावल्यासारखी नीट. मी पाण्यात उतरून ड्रायव्हरच्या सीटवर बसून पाहिलं. पाणी गळ्याशी येतं, पण बैठक आरामशीर. सहायक झाल्यावर हीच माझी.

आज साफ झालेल्या जागा : चार. (चेमाने केल्या. पण पद्धत अशी काही नव्हती त्याची. एक झाली की दुसरी.)

१२ ऑक्टोबर

पद्धत सापडली!

सगळ्याचे दोन भाग. एक कचरा, म्हणजे वाकलेले पत्रे, ओल्या गाद्या, मोडकी कुंपणं, झावळ्या, कोणाची तरी अर्धी होडी. हा अंघोळीच्या खोल्यांच्या मागे, नजरेआड. दोन, सामान, म्हणजे मंडळींच्या खुर्च्या, शेगड्या, कुंड्या, पाट्या. हे पुढे, थेट रस्त्याच्या कडेला, मांडून. दोन दिवस गाडी हाकून आलेला म्हातारा हमरस्त्यावरून वळतो आणि त्याला पहिलं काय दिसतं? त्याची स्वतःची खुर्ची! माणसाचं मन कळावं लागतं या धंद्यात.

आराखडा काढला. कागद मिस व्हर्नानेच दिला होता, काउंटीचा (म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीचा), पुढून छापील, मागून कोरा. नीट वाच, म्हणाली. बारीक अक्षर, दोन रकाने. छापील वाचत बसलो तर काम कधी करू? कोऱ्या बाजूचा आराखडा मात्र देखणा झाला. तो वर करून भिंतीला चिकटवला.

मिस व्हर्ना विम्याच्या माणसांशी भांडायला सॅन अँटोनियोला गेली. एकोणीसला येईल. जाताना गाडीच्या काचेतून काहीतरी ओरडली. मी अंगठा वर केला.

१४ ऑक्टोबर

सामानात धातू शोधायचं यंत्र सापडलं. नऊ नंबरच्या आयोवावाल्या आजोबांचं. चालतं की नाही हे तपासून बघणं माझं कर्तव्य. वादळाने किनाऱ्याची वाळू उकरली आहे आणि या किनाऱ्यावर जुनी स्पॅनिश जहाजं बुडालीत असं सगळेच म्हणतात. दहा मिनिटं तपासायचं ठरवलं.

सायंकाळी ७ : तंबूच्या खुंट्या एकसष्ट. तवा एक. तारा लावलेली कवळी एक. कवळी धुऊन सामानात ठेवली. मालकाला ओळख पटवायला सोपं जाईल.

यंत्र उत्तम चालतं.

१६ ऑक्टोबर

दोन दिवस झटून काम. वेगळाच कैफ चढला होता. कोणती वस्तू कोणाची हे मला ठाऊक नाही, म्हणून जातीप्रमाणे रांगा लावल्या. रस्त्याच्या कडेने खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं. लाकडी. लोखंडी. विजेची यंत्रं. बागेतलं. दुकानात नसेल इतकं नेटकं.

बागेतल्या रांगेच्या टोकाला एक सिमेंटची हंसीण. गुडघ्याएवढी, अंगात पिवळा रेनकोट, डोक्यावर जुळती टोपी. कुंडीत उभी सापडली. इतकं वादळ झालं, पण टोपी हलली नाही! चेमा म्हणाला, ही गर्टी, एकतीस नंबरच्या अर्लिस टोर्केलसनची. तिच्या नवऱ्याने गॅरेजमध्ये साचा करून ओतली आणि अर्लिस तिला ऋतुमानाप्रमाणे कपडे शिवते. मग म्हणाला, पण मिहो, ही सिमेंटची आहे, झाडाझुडपांत कशाला? मी म्हणालो, शोभा.

तो बराच वेळ रांगांकडे बघत राहिला. रस्त्याच्या इतक्या जवळ? असं विचारलं. मी म्हणालो, तीच तर युक्ती. मिस व्हर्नाने पाहिलंय का? मी म्हणालो, आल्यावर बघेल आणि थक्क होईल. काउंटीचा कागद वाचलास का? मी म्हणालो, डॉन चेमा, मी तो कागद रोज वापरतो.

मान हलवत गेला. जुन्या माणसांना नवीन पचायला वेळ लागतो. अठ्ठेचाळीसपैकी सव्वीस जागा तयार. पद्धत रुळली.

१८ ऑक्टोबर, दुपारी १

ऐतिहासिक क्षण.

काउंटीचा ट्रक आला, मागे लोखंडी पंजावाला. नारिंगी बंडीतला एक मिशीवाला उतरला. रांगा पाहिल्या. टोपी काढली! या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला आणि म्हणाला की दोन आठवडे हिंडतोय, लोक सगळं एकात एक कोंबून ठेवतात, हे असं कुठेच पाहिलं नाही. ड्रायव्हरलाही खाली बोलावलं. ये बाबा, बघून घे. कोणी लावलं? मी म्हणालो, मी. रस्त्यापासून अंतर किती? मी म्हणालो, सात-आठ फूट. तो म्हणाला, वा!

मी बजावलं, यातली एकही वस्तू इकडेतिकडे होता कामा नये. तो म्हणाला, एकही राहणार नाही, तू जा निश्चिंत. एका फॉर्मवर सही घेतली. हुद्द्याच्या चौकटीत मी सहायक व्यवस्थापक लिहिलं. अक्षर काय उठून दिसलं!

चेमा आणि लुपे पाइप आणायला गावात गेलेत. त्यांनी हे ऐकायला हवं होतं. ओहोटी लागली आहे, जरा यंत्र घेऊन किनाऱ्यावर जाऊन येतो.

१८ ऑक्टोबर, सायंकाळी ५

सामान नेलं!

म्हणजे मालकांनी येऊन नेलं असणार. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस, चार तासांत! काउंटीच्या माणसाने फोनाफोनी केली असेल. रस्त्यावर फक्त माझी खडूची अक्षरं उरली आहेत. इतकी तत्परता या देशात अजून आहे हे बघून भरून आलं.

मिनेसोटाहून चार तासांत कसे आले, एवढंच लागत नाही.

१९ ऑक्टोबर

मिस व्हर्ना आली. थक्क झाली, पण वेगळ्या प्रकारे.

आधी रस्ता पाहिला. मग मागचा ढीग पाहिला. मग ऑफिसात येऊन भिंतीवरचा माझा आराखडा काढला, उलटा केला आणि माझ्या हातात दिला. वाच, म्हणाली, मोठ्याने. मी वाचलं. वादळाचा कचरा जातवार वेगळा करून रस्त्यापासून दहा फुटांच्या आत ठेवावा, काउंटी उचलून नेईल. दहा फुटांपलीकडचं उचललं जाणार नाही. दुसरी आणि शेवटची फेरी : ३१ ऑक्टोबर.

म्हणजे मी अठ्ठेचाळीस घरांचं सामान आदर्श पद्धतीने कचऱ्यात दिलं आणि कचरा आदर्श पद्धतीने जपून ठेवला.

मी म्हणालो, वर्गवारी तरी चांगली होती. ती म्हणाली, हो, मला काउंटीतून अभिनंदनाचा फोन आला, आणि हा सहायक व्यवस्थापक कोण म्हणे? मी खिडकीबाहेर पाहिलं.

मग ती खुर्चीत बसली आणि हळू आवाजात बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, खुर्च्या-शेगड्यांचं मी बघून घेईन, विमा आहे. पण बाळा, ऑर्व्हिल टोर्केलसन मार्चमध्ये गेला. अर्लिस या वर्षी बावीस वर्षांत पहिल्यांदा एकटी गाडी हाकत येते आहे. परवा फोनवर तिने एकच विचारलं, गर्टी आहे ना? मी आहे म्हणाले.

जेवण : बीन्स.

ता. क. धातूचं यंत्र माझ्याकडे होतं म्हणून वाचलं. दूरदृष्टी.

२० ऑक्टोबर

उठलो : सहाला! चेमाचा पिकअप मागून घेतला. तो म्हणाला, क्लच हळू, मिहो, माझ्याकडे आता एवढंच धड उरलंय.

काउंटीचं कचऱ्याचं मैदान चौदा मैलांवर. बापरे! डोंगर! एक डोंगर झाडांचा, एक फर्निचरचा, एक नुसत्या फ्रिजांचा, पांढराशुभ्र, बर्फ पडल्यासारखा. फाटकाशी लाकडी मनोरा आणि त्यावर एक बाई बसलेली. येणारा ट्रक किती भरलाय हे वरून बघून लिहायचं, हे तिचं काम. नाव मिस ओपल. मी खालून सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, राजा, इथे आलेली वस्तू काउंटीची. आत येतं, बाहेर जात नाही. मी म्हणालो, सिमेंटची हंसीण आहे, रेनकोट घातलेली. ती म्हणाली, काल आलेल्या एकाला त्याच्या आईच्या अस्थींचा डबा शोधायचा होता. इथे सगळेच काहीतरी सांगतात.

उद्या पुन्हा. माझ्या बोलण्यापुढे दगड वितळतो.

२१ ऑक्टोबर

सोबत जर्दाळूचे कोलाचे (इकडचे गोड भरलेले पाव) नेले, ताजे, सहा. मिस ओपलने दोरीला बांधलेली बादली खाली सोडली, मी कोलाचे ठेवले, बादली वर गेली. रिकामी बादली खाली आली. मी विचारलं, मग? ती म्हणाली, जर्दाळूपेक्षा खसखशीचे बरे.

२२ ऑक्टोबर

खसखशीचे. आज वर बोलावलं! मनोऱ्यावरून पन्नास मैल दिसतं. तिने दुर्बीण दिली. एक तास बघितलं. मध्ये जरा एका ससाण्याकडे लक्ष गेलं, मग एका टबात झोपलेल्या मांजराकडे, आणि मग, झाडांच्या डोंगरावर, फांद्यांच्या मधोमध, पिवळी टोपी! मी इतक्या जोरात ओरडलो की खालच्या ट्रकवाल्याने ब्रेक मारला.

मिस ओपल म्हणाली, आपल्याला दिसली म्हणजे आपली झाली असं नसतं, राजा. तो डोंगर गुरुवारी यंत्रात जाणार, भुसा करायला.

गुरुवार म्हणजे उद्या.

२३ ऑक्टोबर

जमलं!!! कसं ते लिहितो, हात कोलाच्यांनी चिकट आहेत.

सकाळी पोचलो तर भुशाचं यंत्र सुरू. मी मनोऱ्याच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. या वेळी कोलाचे स्वतःच खाल्ले, दुःखात. मिस ओपल वरून बघत होती. मग म्हणाली, काय म्हणालास ती कशाची आहे? मी म्हणालो, सिमेंटची. ती म्हणाली, सिमेंटची, आणि झाडांच्या ढिगात? मी कबूल केलं, माझ्या वर्गवारीत तेवढी एक चूक झाली. ती ताडकन उठली. म्हणाली, अरे, दगड-सिमेंट झाडांत आलं तर यंत्राची पाती जातात! चुकीच्या ढिगात आलेली वस्तू ज्याची त्याला परत घेऊन जावी लागते, हा नियम आहे. परत घेऊन जा, आत्ताच्या आत्ता, आणि पुन्हा असं केलंस तर लेखी तक्रार करीन!

इतकी सुंदर बोलणी आयुष्यात खाल्ली नाहीत. पंजाने गर्टीला अलगद उचललं. फॉर्मवर लिहिलं : परत, चुकीचा वर्ग. ती चूक मी नकळत केली असं चेमा म्हणतो. मी म्हणतो, आतून कुठेतरी मला माहीत होतं.

मिस व्हर्नाने गर्टीला हात लावून पाहिलं. टोपी सरळ केली. म्हणाली, ठीक. मग म्हणाली, आता मागचा ढीग.

२५ ऑक्टोबर

ढीग अंघोळीच्या खोल्यांच्या मागे. रस्ता चारशे फुटांवर. साधन : हातगाडी, एक. अंदाजे सव्वादोनशे खेपा. आज पंचवीस, फेरी एकतीसला. रोज चाळीस खेपा केल्या तर आरामात. चाळीसची सुरुवात आठवड्याच्या आरंभी करावी, म्हणून सोमवारपासून.

मिस व्हर्नाने आज स्पष्टच सांगितलं : एकतीसला तो ढीग गेला पाहिजे. नाहीतर एक तारखेला मंडळी येतील आणि तू जाशील.

मी म्हणालो, समजा गेला. ती म्हणाली, बाळा, समजू नकोस, ने.

२७ ऑक्टोबर

खेपा : अकरा. ऊन होतं. शिवाय एक पेलिकन हातगाडीवर येऊन बसला, त्याला उठवणं बरं दिसेना. बसल्या बसल्या त्याला थोडं शिकवायचा प्रयत्न केला. इथलं नावच पेलिकन बेंड, फाटकाशी एक पाळीव पेलिकन असला तर जाहिरात होईल. हे सहायकाच्या डोक्यातून निघतं, मालकांच्या नाही.

त्याने चावलं. खेपा अकराच का, याचं हेही एक कारण.

२८ ऑक्टोबर, दुपार

आता मात्र घाबरलो आहे. लिहायला वेळ नाही.

३० ऑक्टोबर, सायंकाळ

झालं! झालं! झालं!

तीन दिवस, सहा ते सात. तळहातावर फोड आले, फुटले, पुन्हा आले. काल सकाळी चेमा दुसरी हातगाडी घेऊन शेजारी आला. कुठून आणली विचारलं तर म्हणाला, आधीपासून होती, तू विचारलं नाहीस. लुपेने झावळ्या बांधून दिल्या. गाद्या चेमाने आणि मी डोक्यावर घेतल्या, लग्नातल्या केकसारख्या. शेवटी अर्धी होडी. तिच्यात बसून आम्ही तिघांनी सोडा प्यायला.

सगळा ढीग रस्त्याच्या कडेला. जातवार! मी टेपने मोजलं. मागची कड नऊ फूट अकरा इंच. अठ्ठेचाळीस जागा तयार, गोल्फ कार्टही चेमाने सुकवून चालू केली. चेमा म्हणाला, मिहो, तू काम करतोस तेव्हा बरा करतोस. लिहून ठेवतोय.

उद्या ट्रक. परवा मंडळी. मग सतरा नंबर. मग झोपाळा टांगणार. सहायक म्हणून पहिली सुधारणा : दुपारी दोन ते चार शांतता.

३१ ऑक्टोबर

सकाळी ७ : रस्त्यावर खुर्ची टाकून बसलो. गर्टीला लुपेने काळी टोपी आणि झाडू दिला, आज भुताखेतांचा दिवस.

दुपारी १२ : ट्रक नाही. गर्दी असेल.

३ : नाही. मिशीवाल्याला माझी आठवण असेलच.

४.१५ : मिस व्हर्नाने काउंटीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. तिकडच्या बाईने यादी पाहिली. म्हणाली, पेलिकन बेंड रोड? तो तर आम्ही काढला यादीतून. आमचा माणूस सव्वीसला पाहणी करून गेला, कडेला कचऱ्याची काडी नव्हती म्हणाला. मी म्हणालो, सव्वीसला नव्हता, आता आहे, प्रचंड आहे! ती म्हणाली, मग तो हलवा, रस्त्यालगत ठेवायची मुदत आज संपते. पाच दिवसांत नाही हलवला तर दंड. मैदान? तेही आज बंद. यापुढे नेहमीचा गावातला कचरा डेपो, दर बुधवारी, एका पार्कला पिकअपची एक खेप.

फोन ठेवला. मिस व्हर्ना म्हणाली, सव्वीसला तू कुठे होतास? मी म्हणालो, सोमवारची वाट बघत होतो.

ती इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. मी कधी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसलो, पण तेवढं आलं नाही.

१ नोव्हेंबर

मंडळी आली. सकाळपासून ओळीने, भोंगे वाजवत, सदतीस गाड्या. प्रत्येक गाडी ढिगाशी थांबायची, काच खाली व्हायची. हे काय? मी सांगायचो. माझी खुर्ची? मी सांगायचो. नऊ नंबरच्या आजोबांनी मात्र यंत्र मिळाल्यावर मला मिठी मारली आणि मग विचारलं, बॅटरी का उतरली आहे?

अर्लिस टोर्केलसन दोनला आली. मोठी गाडी, मोठा आरसा, मागे एवढीशी म्हातारी. एकतीस नंबरमध्ये गाडी मागे घेताना तीनदा चुकली. ऑर्व्हिल बाहेर उभा राहून हात दाखवायचा म्हणे. चेमा जाऊन उभा राहिला आणि हात दाखवू लागला. ती उतरली, गर्टीपाशी गेली. झाडू काढून बाजूला ठेवला. तशीच उभी राहिली, हंसिणीच्या डोक्यावर हात ठेवून, बराच वेळ. मग नाक पुसून म्हणाली, हिला चेटकीण कोणी केलं? हिला थंडी वाजते. आणि गाडीतून लोकरीचा नवा कोट काढला. मला लिंबाच्या वड्या दिल्या, सहा. मैदानाची हकिगत मी सांगितली नाही. तिला आधीच ठाऊक होती, मिस व्हर्नाने सांगितलेली. म्हणाली, खसखशीचे कोलाचे मलाही आवडतात.

चार वाजता सगळे रिवाजाप्रमाणे पेले घेऊन जमले. खुर्च्या नव्हत्या, म्हणून ढिगातल्याच गाद्यांवर, पत्र्यांवर आणि अर्ध्या होडीत बसले. ओल्या गादीची तक्रार एकाने केली, बाकीच्यांनी त्याला सरकून जागा दिली. मग मिस व्हर्नाने जागांची यादी वाचली. सतरा नंबर आला तेव्हा मी उभा राहिलो.

सतरा नंबर : डॉन चेमा आणि लुपे, गावातलं छप्पर होईपर्यंत. आणि महिनाभर धुण्याच्या खोलीत झोपवलं याबद्दल माफी.

झोपवलं?

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभाच होतो, म्हणून मीही वाजवल्या. आपोआप जोरात वाजल्या, हे मला नंतर कळलं.

माझं नाव शेवटी. मिस व्हर्ना म्हणाली, एक पिकअप बुधवारी, ढीग एकोणीस खेपांचा, म्हणजे मार्च मध्यापर्यंत. तोवर ढीग रस्त्यावर राहता कामा नये. परत मागे. पाच दिवसांत. ते याने न्यायचं, आणि मग दर बुधवारी याने भरायचं. म्हणजे हा हिवाळाभर आपल्याकडे आहे, देवा आम्हाला बळ दे. जागा : मैल्याच्या टाकीशेजारी. हुद्दा : तिने यादी उलटी केली, मागे बघितलं, कोरं होतं.

हिवाळाभर! राहिलो! टाकीशेजारी समुद्र दिसत नाही, पण वास इतका आहे की समुद्राची उणीव भासणार नाही.

चेमा जाताना म्हणाला, बरं झालं मिहो, वाट तुझ्या पायाखालची आहे.

संकल्प : उद्या सातला सुरुवात. रोज पन्नास खेपा. वाटेत कुठेही थांबायचं नाही.

२ नोव्हेंबर, सकाळी ७

जाग आपोआप आली. आभाळ स्वच्छ. वारा गार. हातगाडीच्या चाकात हवा आहे. फोड वाळले. ढीग तिथेच आहे.

सबब सापडत नाही.